गोराईच्या खाडीपलीकडे : एस्सेलवर्ल्डचा इतिहास

मुंबई-ठाणे परिसरात १९८० नंतर वाढलेल्या कोणालाही 'एस्सेलवर्ल्ड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बोरिवली स्टेशन, तिथून गोराई जेट्टी, मग लाँच, आणि खाडी ओलांडली की दूरवर दिसणारे पाळणे. इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी मात्र थोडी ओळख द्यायला हवी. मुंबईच्या वायव्य टोकाला, गोराई गावाच्या परिसरात, १९८९ मध्ये हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. १९९८ मध्ये त्याला लागूनच 'वॉटर किंगडम' हे जलक्रीडा उद्यान उभे राहिले. दोन्ही मिळून सुमारे ६४ एकरांचा पसारा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत एस्सेलवर्ल्डचे दरवाजे प्रेक्षकांसाठी बंद झाले. शेजारचे वॉटर किंगडम पुढेही चालू राहिले.

बंद पडलेल्या करमणुकीच्या जागेला इतिहासाच्या अभ्यासक्रमात स्थान का द्यावे, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. गिरणी बंद पडली तर तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. पाळणा बंद पडला तर लोक फार तर हळहळतात. पण अशा उद्यानात जमिनीचा वापर, कर, वाहतूक, जाहिरात, सुट्टीची कल्पना आणि बालपण ही सगळी सूत्रे एकाच कुंपणाच्या आत सापडतात. एस्सेलवर्ल्डचा अभ्यास करताना मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची जागा. ते कुठे उभे राहिले याने त्याचा जन्म शक्य झाला, आणि पुढे त्याची वाढ अवघड होण्यामागेही तीच जागा होती. पाळण्यांकडे येण्याआधी जमिनीकडे आणि पाण्याकडे पाहायला हवे ते म्हणूनच.

जत्रेचा पाळणा आणि कुंपणातला पाळणा

आकाशपाळणा महाराष्ट्राला नवा नव्हता. गावोगावच्या जत्रांत लाकडी, हाताने फिरवायचे आणि पुढे इंजिनावर चालणारे पाळणे येत. सोबत मौत का कुआँ, आरशांचा तंबू, नेमबाजीचे फुगे. पण जत्रेची करमणूक तिथीला बांधलेली असते. देवाचा दिवस आला की पाळणा येतो आणि दिवस सरला की बैलगाडीवर किंवा ट्रकवर चढून पुढच्या गावाला जातो. जत्रेत शिरायला तिकीट नसते. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तोही पाळण्याखाली उभा राहून वर गेलेल्यांची किंकाळी ऐकू शकतो.

पाश्चात्त्य शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र बदलले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसचे प्रचंड चक्र उभे राहिले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये सी लायन पार्क आणि १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क सुरू झाले. तेथे करमणुकीभोवती कुंपण आले आणि कुंपणाला तिकीट आले. हा बदल यांत्रिक शोधांइतकाच मोठा मानला पाहिजे. कुंपणामुळे नको ती माणसे बाहेर ठेवता आली, आत स्वच्छता आणि शिस्त राखता आली, आणि 'कुटुंबासह येण्याजोगी जागा' असा दावा करता आला. कुटुंब हा शब्द येथे कौतुकाचा वाटतो, पण तो गाळणीचेही काम करतो.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि अशा उद्यानाची कल्पना जगभर पोहोचली. भारतात दिल्लीच्या प्रगती मैदानात १९ नोव्हेंबर १९८४ रोजी अप्पू घर सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांचे बोधचिन्ह असलेल्या छोट्या हत्तीचे नाव त्याला मिळाले होते. एस्सेलवर्ल्ड त्यानंतर पाच वर्षांनी आले, आणि कोलकात्याचे निक्को पार्क १९९१ मध्ये. म्हणजे आर्थिक उदारीकरणानंतर ही उद्याने आली असे जे सरसकट म्हटले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. पहिली पिढी १९८० च्या दशकातच उभी राहिली होती. उदारीकरणाने त्यांना गिऱ्हाईक वाढवून दिले.

गोराई का?

ज्या बेटावर हे उद्यान उभे राहिले त्याला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हणतात. मुंबईच्या मध्यातील धारावी वस्तीशी याचा संबंध नाही. नावातील साम्यामुळे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी, पाली ही या पट्ट्यातली गावे. पोर्तुगीज काळातील चर्च येथे आजही आहेत. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये, येथला धारावीचा किल्ला मराठ्यांनी जिंकला होता. वस्ती मुख्यतः कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची, व्यवसाय मासेमारी आणि शेती, आणि घरातली भाषा मराठीच्याच बोली. मुंबईत असूनही मुंबईपासून तुटलेला असा हा भाग आहे. समोर बोरिवली दिसते, पण मध्ये खाडी. रस्त्याने यायचे तर उत्तरेला भाईंदरपर्यंत जाऊन उत्तनमार्गे वळसा घालावा लागतो.

आता खाडीच्या अलीकडे पाहू. १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला. चारकोप, गोराई, मालवणी येथे लहान भूखंड आखून, पाणी-रस्ते पुरवून, लोकांनी स्वतः घरे बांधावीत अशी ती योजना होती. (ही 'गोराई' म्हणजे बोरिवलीच्या बाजूची वसाहत, मूळ गाव पलीकडे.) लालबाग-परळच्या गिरण्यांचा १९८२ चा संप संपता संपता विरून गेला होता. चाळींतली तरुण कुटुंबे उत्तरेकडे सरकत होती: कांदिवली, बोरिवली, दहिसर, मिरा रोड. दक्षिण मुंबईतल्या मुलांना राणीची बाग होती, चौपाटी होती, तारापोरवाला मत्स्यालय होते. नव्या उपनगरांतल्या मुलांना यांतले काहीच जवळ नव्हते. रविवारी कुठे जायचे हा प्रश्न त्या दशकात खरोखरच नवा होता.

सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने गोराईत जमीन घेऊन उद्यान काढले ते या टप्प्यावर. तांदळाची निर्यात, टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूबा असे व्यवसाय करत आलेल्या या समूहाचा लोकांच्या करमणुकीशी आलेला पहिला मोठा संबंध तो हाच. २ ऑक्टोबर १९९२ रोजी याच समूहाने झी टीव्ही सुरू केला. व्यवसायाच्या इतिहासात झीची गोष्ट एवढी मोठी झाली की तिच्या तीन वर्षे आधीचे उद्यान तळटीप होऊन बसले. मला हा क्रम बोलका वाटतो. आधी कुटुंबाला घराबाहेर काढून एका कुंपणात आणले, आणि लगेच नंतर तेच कुटुंब घरातल्या पडद्यासमोर बसवले.

खाडीपलीकडची जमीन तुलनेने स्वस्त होती, मोठी होती आणि एकसंध मिळू शकत होती. शहराच्या आत ६४ एकर मिळणे अशक्यच होते. शिवाय काळाचे एक गणितही जुळले. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या किनारपट्टीवरील बांधकामांवर तिने निर्बंध आणले आणि कांदळवनांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले. एस्सेलवर्ल्ड त्याआधी जेमतेम दोन वर्षे उघडले होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम आदेश देऊन राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. खाडीकाठी १९८९ मध्ये जे करता येत होते ते २०१८ मध्ये करता येणार नव्हते. खाडीकाठच्या उद्यानाला हातपाय पसरायचे तर आता प्रत्येक पावलाला परवानगी, आणि बऱ्याच ठिकाणी ती मिळण्याची शक्यताच नाही. कायद्याच्या तारखा आणि इमारतींच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून पाहण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

लाँच

लाँच ही एस्सेलवर्ल्डच्या आठवणींतली सर्वांत सुंदर गोष्ट असते. गोराई आणि मार्वे या दोन जेट्ट्यांवरून बोटी सुटत. शाळेच्या सहलीत कित्येक मुले आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसली ती इथे. उद्यान सुरू होण्याआधीच सहल सुरू झालेली असे. घर मागे टाकून आपण दुसऱ्या देशात चाललो आहोत अशी भावना त्या काही मिनिटांच्या प्रवासात तयार होई. घरी परत न जाण्याचा हट्ट धरणाऱ्या मुलाची ती प्रसिद्ध जाहिरात दूरदर्शनच्या जमान्यात घराघरांत पोहोचली. त्या हट्टाला अर्थ होता, कारण परत जायचे म्हणजे पुन्हा पाणी ओलांडायचे.

पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर तीच लाँच अडथळा होती. आई-वडील आणि दोन मुले यांचा खर्च मांडून पाहा : लोकलचे तिकीट, स्टेशनपासून बस किंवा रिक्षा, बोट, प्रवेश, आत खाणेपिणे. सकाळी लवकर निघून रात्रीपर्यंत परत. म्हणजे पूर्ण दिवस आणि महिन्याच्या पगाराचा डोळ्यांत भरणारा भाग. अशी सहल वर्षातून एकदा होते, पुष्कळ घरांत बालपणी एकदाच. मनोरंजन उद्यानाचे अर्थशास्त्र मात्र पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालते. यंत्रांचा भांडवली खर्च एकदम होतो आणि तो तिकिटांतून थेंबाथेंबाने वसूल करावा लागतो. आलेल्या माणसाने परत यावे म्हणून दर काही वर्षांनी नवा पाळणा आणावा लागतो. हुला लूप, थंडर, झिपर डिपर, शॉट-एन-ड्रॉप, भुताटकीचे 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' ही एस्सेलवर्ल्डमधली नावे त्या गरजेतून आलेली आहेत. बोलिंग आली, बर्फावरचे स्केटिंग आले, शेवटी शेवटी पक्षी उद्यानही आले.

यात कोकण किनाऱ्याचे हवामान धरायला हवे. जून ते सप्टेंबर मुंबईत पावसाचा जोर असतो. उघड्यावरच्या पाळण्यांचे ते अवघड महिने. उरलेल्या काळात खारा वारा. लोखंडाची रचना, वेल्डिंगचे सांधे, बेअरिंगे, विजेच्या तारा यांना खाडीकाठची हवा सोसत नाही. देखभालीचा खर्च प्रेक्षकांना दिसत नाही आणि जाहिरातीतही सांगता येत नाही, पण तो थांबवता येत नाही, कारण तिथे चूक झाली तर माणूस मरतो. वॉटर किंगडमचे गणित वेगळे. पाण्याची घसरगुंडी फायबरची. तिच्यात फिरणारे भाग कमी. एप्रिल-मेच्या उकाड्यात, म्हणजे नेमक्या शाळेच्या सुट्टीत, तिला मागणी. टाळेबंदीनंतर दोन शेजाऱ्यांपैकी कोण टिकले हे पाहताना हा फरक विसरून चालणार नाही.

करांचाही भार होता. करमणूक कराचा मुंबई प्रांतातला कायदा १९२३ चा, म्हणजे मूकपटांच्या काळातला. सिनेमा, तमाशा, सर्कस यांच्याबरोबर मनोरंजन उद्यानेही राज्याच्या करमणूक कराच्या चौकटीत आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा या उद्यानांवर थेट २८ टक्के दर लागला. चैनीच्या वस्तूंचा तो वर्ग होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. वर्षातून एकदा पोरांना पाळण्यात बसवणे ही चैन की गरज, हा वाद करपत्रकात असा आकड्यांत लिहिलेला सापडतो.

शहर जवळ आले, उद्यान लांबच राहिले

२००० नंतर मुंबईच्या पश्चिम उपनगरांत मॉल आले. मालाडचा इनऑर्बिट २००४ चा. वातानुकूलित जागा, मुलांचे खेळ, खाणे, सिनेमा, आणि आत शिरायला पैसे नाहीत. बोरिवलीच्या कुटुंबाला रविवारची संध्याकाळ घालवायला आता खाडी ओलांडण्याची गरज उरली नाही. दुसऱ्या टोकाला, मोठ्या सहलीसाठी, २०१३ मध्ये खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत मनमोहन शेट्टी यांचे इमॅजिका उघडले. ज्यांच्याकडे गाडी होती ते तिकडे वळले. नव्वदच्या दशकातला मध्यमवर्ग लोकल आणि लाँचने सहलीला जात होता. त्याचीच पुढची पिढी गाडीने जाऊ लागली. यापैकी कोणत्याच प्रवाशाला गोराई सोयीची नव्हती.

इमॅजिकाचीही वाट सोपी नव्हती, हे येथेच सांगितले पाहिजे. कर्जाच्या ओझ्याखाली ते वाकले आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. याउलट बंगळुरूच्या विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण म्हणजे वंडरला. कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००० मध्ये कोची येथे वीगालँड काढले आणि २००५ मध्ये बंगळुरूपासून तासाभराच्या अंतरावर, म्हैसूर रस्त्यावर, बिडदी या लहान गावाजवळ वंडरला. जमीन ८० एकरांहून अधिक, हमरस्ता दाराशी, कोरडे आणि पाण्याचे खेळ एकाच तिकिटात, आणि बरेचसे पाळणे स्वतःच्याच कारखान्यात बनवलेले. पाळणा परदेशातून आणला की सुटा भागही परदेशातून येतो आणि तोवर पाळणा उभा राहतो. घरच्या कारखान्याचे मोल इथे कळते. २०१४ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. बिडदी आणि गोराई ही दोन्ही मोठ्या शहराच्या कडेची गावे. एकीकडे शहर रस्त्याने चालत आले, दुसरीकडे खाडीवर थांबले.

गोराईच्या लोकांना शहर खाडीवर थांबलेले हवे होते की नको, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आल्यानंतर गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटन आणि करमणुकीसाठी असे क्षेत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला. गावांनी कडाडून विरोध केला. जमीन, मासेमारीची वाट, चर्चच्या वाड्या, सगळे जाईल ही भीती होती. त्या क्षेत्राची उभारणी झाली नाही. पुलाची मागणी करणारे गावकरी आणि पुलाबरोबर बिल्डर येतील म्हणून धास्तावलेले गावकरी, पुष्कळदा एकाच घरातले असतात. शहरातल्या मुलाच्या आठवणीत गोराई म्हणजे पाळणे. गोराईतल्या माणसाच्या आठवणीत पाळण्यांच्या जागी आधी काय होते तेही आहे. एस्सेलवर्ल्डवर आजवर जे हळवे लेखन झाले त्यात हा दुसरा आवाज जवळपास ऐकूच येत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

याच जमिनीवर, उद्यानाला लागून, जागतिक विपश्यना पॅगोडा उभा आहे. त्यासाठीची जमीन एस्सेल समूहाकडून दान मिळाली. खांबांशिवायचा विशाल घुमट, सुमारे आठ हजार माणसे एकत्र ध्यानाला बसतील एवढा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पुढची दहा-अकरा वर्षे एकाच जेट्टीवर उतरलेली माणसे दोन दिशांना जात : काही किंचाळायला, काही गप्प बसायला.

बंद होण्याचे दोन प्रकार

जानेवारी २०१९ मध्ये एस्सेल समूहाची कर्जे चर्चेत आली आणि सुभाष चंद्र यांनी धनकोंची माफी मागणारे खुले पत्र प्रसिद्ध केले. वर्षभराने टाळेबंदी आली. उद्यान बंद होण्याचे खापर यांपैकी एकाच गोष्टीवर फोडणे घाईचे होईल. वर सांगितलेली खाडी, खारा वारा, मॉल आणि गाडी ही कारणे त्याआधी वीस वर्षे काम करत होती. साथीने फक्त थांबवले. थांबलेला पाळणा पुन्हा चालवायला जो खर्च येतो तो करायचा की नाही, एवढाच निर्णय उरला होता.

दिल्लीच्या अप्पू घराशी तुलना केली की एक वेगळाच फरक दिसतो. ते उद्यान सरकारी जमिनीवर होते. सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी ती जमीन हवी झाली, खटला चालला, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये अप्पू घर बंद झाले. शेवटच्या दिवसांत लोक मुद्दाम मुलांना घेऊन आले. त्या परिसरात आता सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत आहे आणि जवळच्या मेट्रो स्थानकाचे नावही बदलून सर्वोच्च न्यायालय झाले आहे. तिथे भाडेपट्टा आहे, निकालपत्र आहे, तारीख आहे. खासगी जमिनीवरचे उद्यान बंद करायला कोणाला विचारावे लागत नाही. निरोपाचा दिवस ठरत नाही, आणि म्हणून अभ्यासकाच्या हाती कागदही फार येत नाही. सार्वजनिक आठवणीची जागा खासगी मालमत्ता असली की तिचा शेवट हा मालकाच्या हिशेबवहीतला एक आकडा असतो.

विद्यार्थ्यांसाठी काम : आपल्या तालुक्यात किंवा शहराच्या कडेला चालू अथवा बंद असे एखादे उद्यान, जलक्रीडा केंद्र किंवा बालोद्यानातली छोटी आगगाडी निवडा. पाळण्यांपासून सुरुवात करू नका. आधी तलाठी कार्यालयातून त्या गटाचा सातबारा आणि जुने फेरफार काढा (कर्नाटकात त्याला पहाणीपत्र म्हणतात) आणि जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या वर्षी गेली ते लिहा. मग त्या वर्षांसमोर रस्ता, बस, रेल्वे केव्हा आली ते मांडा. स्थानिक वर्तमानपत्रांचे मे महिन्याचे अंक चाळा, कारण उद्यानांच्या जाहिराती सुट्टीत येतात. घरोघरच्या अल्बममधले फोटो पाहताना पाठीमागची पाटी, तिकिटाचा दर, कपडे टिपून ठेवा. आणि मुलाखती घ्याल तेव्हा तिथे खेळायला गेलेल्यांइतक्याच तिथे पाळणा चालवणाऱ्यांच्या, तिकीट फाडणाऱ्यांच्या आणि त्या जमिनीवर पूर्वी भात लावणाऱ्यांच्याही घ्या.